मुंबईंत नव्यानें आलेल्या कुटुंबांस
(जुबिलीच्या सभेंत केलेलें भाषण)



जुबिलीच्या या मंगल प्रसंगीं, गांव सोडून नुकत्याच मुंबईंत आलेल्या कुटुंबांशीं आम्ही चार शब्द बोलूं इच्छितों.

पहिली गोष्ट खोलीची. आम्ही आलों तेव्हां मालकाच्या तोंडी वचनावर विसंबून अनामत रक्कम दिली. पावती मागण्यास संकोच वाटला. अकराव्या महिन्यांत खोली सुटली, रक्कम मात्र परत मिळाली नाहीं, आणि दाखविण्यास आमच्या हातीं कागदाचा कपटाहि नव्हता. भाड्याचा करार लेखी करून नोंदवावा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यान्वयें नोंदणीची जबाबदारी मालकावरच आहे. तो नाहीं म्हणेल, तर खोली कितीहि हवेशीर असो, घेऊं नये.

प्रवासाविषयीं एवढेंच: जलद गाडी प्रत्येक स्थानकावर थांबत नाहीं, हें चढण्यापूर्वीं पाहावें. मुसळधार पाऊस व भरती एकाच वेळीं आल्यास असाल तेथेंच थांबावें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि वाटेंत अडकलेल्यांपैकीं कित्येक प्राणांस मुकले.

आणखी एक. बाप्तिस्म्याचे व विवाहाचे दाखले गांवाहून येतांनाच आणावेत, आणि पहिल्याच रविवारीं मिस्सेनंतर धर्मग्रामाच्या कार्यालयांत नांव नोंदवावें. ‘जरा स्थिरस्थावर होऊं द्या’ म्हणतां म्हणतां आम्हीं वर्ष दवडलें. मातोश्रींच्या तैलाभ्यंगाची वेळ आली, तेव्हां कोणत्या फादरांस बोलवावें हेंहि आम्हांस ठाऊक नव्हतें. शेजारच्या तमिळ बाई भर पावसांत धांवत जाऊन त्यांना घेऊन आल्या. त्या आज येथें दुसऱ्या बांकावर बसल्या आहेत.