दारावरची पाटी कोरताना

पुणेरी पाटी गाजते ती मजकुरासाठी. आज आम्ही बोलणार आहोत ते पाटीवरच्या अक्षराबद्दल.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लिहिणं आपल्या राज्यात सरकारी कागदपत्रांसाठी बंधनकारक झालं. कागदावर आलेलं बाईचं नाव दारावरही यावं. गटांसाठी हे काम चांगलं आहे, पण अक्षराच्या कडा खडबडीत आल्या तर पाटी कोण घेणार?

सीएनसी राउटरवर कोरायला ॲक्रिलिक शीट घेताना ‘कास्ट’ मागा. ‘एक्स्ट्रुडेड’ स्वस्त मिळते, पण लवकर वितळून टूलला चिकटते.

प्लास्टिक बिघडतं ते उष्णतेने. नवीन बाई भीतीने टूल फार हळू पुढे सरकवते. मग ते एकाच जागी घासतं, प्लास्टिक वितळतं आणि कडेला गोळे धरतात. खवलेल्या नारळासारखा मोकळा कीस पडला पाहिजे. तो कीसच उष्णता बाहेर नेतो. पीठ पडलं तर चाल फार हळू आहे किंवा टूल बोथट झालंय.

हिशेब सोपा आहे. एका धारेचं टूल, मिनिटाला १६,००० फेरे, दर फेऱ्याला ०.१ मिलिमीटर, म्हणजे चाल मिनिटाला १,६०० मिलिमीटर. यंत्र थरथरलं तर फेरे १२,००० आणि चाल १,२०० करा.

आपल्या लिपीत काना, वेलांटी, शिरोरेषा एकमेकांवर चढतात. संगणकावर ते आकार आधी जोडून घ्या, नाहीतर टूल तीच जागा दोनदा कोरतं. खोली अर्धा मिलिमीटर पुरते. शीट सपाट, घट्ट बसवा. ती वाकली असेल तर टोकदार टूलने शिरोरेषा एकीकडे जाड, दुसरीकडे बारीक येते.

शीटवरची फिल्म तशीच ठेवून अक्षरांत रंग भरा. वाळल्यावर फिल्म काढा. पाटी साबणाच्या पाण्याने, मऊ सुती फडक्याने पुसा. थिनर, स्पिरिट लावू नका, बारीक तडे जातात.

काम करताना चष्मा, मास्क हवाच. पदर खोचा, केस बांधा, बांगड्या काढा.

यंत्र विकत घेण्याआधी शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात विचारा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केलेल्या या आश्रमात २००२ पासून फॅब लॅब आहे. शिकताना पहिलं नाव उरलेल्या तुकड्यावर कोरा, आणि ते स्वतःचं असू द्या.