सुपारीला सोंड कुठे असते?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय मला दिला गेला तो ‘घराची सजावट आणि अमूर्त चित्रं’. मी चित्रकार नाही. चाळीस वर्षं घर सांभाळलं, एवढाच अधिकार. पण आमच्या घरात एक अमूर्त चित्र पन्नास वर्षं आहे. त्याच्यावरून भांडणंही झाली. तेव्हा जे बोलेन ते अनुभवाचं असेल.

१९७४ साली मी लग्न होऊन रावपुऱ्यातल्या घरात आले. वरच्या मजल्यावरची खोली भाड्यानं दिलेली होती. तिथं आपल्या फाइन आर्ट्सला शिकणारा एक सौराष्ट्रातला मुलगा राहत असे. मला ‘भाभी’ म्हणायचा, सासूबाईंना ‘बा’. शिक्षण संपलं तेव्हा तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं. जाताना तो एक कॅनव्हास खाली घेऊन आला. म्हणाला, “भाभी, पैसे पाठवीन. तोपर्यंत हे तुमच्याकडे ठेवा.” चार फूट लांब, तीन फूट उंच. सगळा राखाडी रंग, त्यात कुठे हिरवट झाक, आणि मधून गेलेली विटकरी रंगाची एक तिरपी रेघ. बस, एवढंच.

आमच्या ‘ह्यांनी’ ते हौसेनं दिवाणखान्यात लावलं. तिथं आधी रविवर्म्याची लक्ष्मी होती. तिला देवघराच्या भिंतीवर जागा मिळाली. सासूबाई नाराज झाल्या. सासरे बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी झोपाळ्यावर बसून चित्र नीट पाहिलं आणि म्हणाले, “रेघ ओळंब्यात नाही.” आणि मी? मनातल्या मनात म्हटलं, तीन महिन्यांचं भाडं बुडालं.

आता जरा या विषयाकडे येते. आपण बडोद्याची माणसं. राजा रविवर्म्याला सयाजीरावांनी इथं बोलावून चित्रं काढून घेतली. ती आजही फतेहसिंह संग्रहालयात आहेत. त्यांच्या छापील प्रती आपल्या आजी-पणजीच्या भिंतींवर होत्या. म्हणून चित्र म्हटलं की त्यात कोणीतरी असायला हवं, अशी आपल्या डोळ्यांना सवय. पण १९५० साली याच गावात फाइन आर्ट्स सुरू झालं. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे इथं शिकवायला आले आणि पुढं बरीच वर्षं राहिले. जेराम पटेल इथलेच शिक्षक. ते लाकडावर ब्लो-टॉर्च चालवून, जाळून चित्रं करीत. नसरीन मोहम्मदी १९७२ पासून १९९० मध्ये जाईपर्यंत इथं शिकवत होत्या. काळ्या शाईच्या सरळ रेघा, एवढ्यावर त्यांनी आयुष्यभराचं काम उभं केलं. म्हणजे ही कला पॅरिसहून थेट आपल्या ड्रॉइंगरूममध्ये पडलेली नाही. ती आपल्या शेजारच्या रस्त्यावर वाढली आहे. आपणच तिकडे फारसे वळलो नाही.

“पण यातून कळायचं काय?” हा प्रश्न मलाही पडत असे. त्याचं उत्तर मला एका पूजेत मिळालं. कोणतंही कार्य असो, गुरुजी आधी तांदळावर सुपारी ठेवतात आणि सांगतात, हा गणपती. आपण हात जोडतो. सुपारीला सोंड कुठे असते? अष्टविनायकांतल्या काही मूर्तींना शेंदराच्या थराखाली नाक-डोळे शोधावे लागतात. आपल्या दारातली ठिपक्यांची रांगोळी कशाचं चित्र असते? कशाचंच नाही. तरी ती काढल्याशिवाय दिवाळीला अंगण अपुरं वाटतं. सय्यद हैदर रझा मध्य प्रदेशातल्या मंडल्याकडचे. ते सांगत की शाळेत लक्ष लागेना म्हणून मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे बघत बसवलं होतं. पुढं साठ वर्षं फ्रान्समध्ये राहूनही त्यांच्या चित्रात बिंदूच येत राहिला. देवाची सुपारी आणि भिंतीवरचं चित्र एकच, असं मी म्हणत नाही. ‘कशासारखं दिसतं’ हे न विचारता बघण्याची सवय आपल्याला आहे, एवढंच म्हणते.

दुसरी गोष्ट वेळेची. वासुदेव गायतोंडे यांचं नाव आपण ऐकलं असेल. जन्म नागपूरचा, कुटुंब गोव्याचं, शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये. रोलर आणि पॅलेट नाइफ घेऊन ते रंगाचे थरावर थर चढवीत आणि खरवडीत. वर्षाला मोजकीच चित्रं करीत. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन झालं. इतक्या सावकाश झालेलं चित्र प्रदर्शनात दोन मिनिटं उभं राहून कसं दिसणार? म्हणून माझं मत असं की अमूर्त चित्राची खरी जागा घरच आहे. तिथं ते सकाळच्या उन्हात वेगळं दिसतं, दिवेलागणीला वेगळं.

आता भगिनींसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांच्या आत, उभ्या माणसाच्या नजरेसमोर असावा. आपण सगळे फार उंच लावतो. सोफ्याच्या वर लावायचं तर मध्ये सहा-आठ इंच जागा सोडावी. सोफ्याच्या रंगाला जुळणारं चित्र शोधू नये, कारण सोफा दहा वर्षांत बदलतो. कागदावरचं चित्र काचेला चिकटू देऊ नये. मध्ये माउंट हवा. थेट ऊन नको. आणि ज्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, तिथं तर नकोच. महागडं काही घ्यायला हवं असंही नाही. फाइन आर्ट्सची मुलं वर्षअखेरीस आपलं काम मांडतात. जाऊन बघावं, मुलांशी बोलावं. आवडलं आणि परवडलं तर घ्यावं.

ओलीचं मी अनुभवानं सांगते. एका पावसाळ्यात त्या भिंतीला ओल आली आणि चित्राच्या खालच्या कोपऱ्यात बुरशी धरली. मी ओल्या फडक्यानं घासून पुसलं. बुरशी गेली, बरोबर तळहाताएवढा रंगही गेला. हे काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

दोन वर्षांनी त्या मुलाची मनीऑर्डर आली, तीन महिन्यांचं पूर्ण भाडं. मागोमाग पोस्टकार्ड. चित्र परत नको, तुमच्याकडेच असू द्या. त्यानंतरच्या दिवाळीत रंगकामासाठी चित्र उतरवून माळ्यावर ठेवलं. सासूबाईंनी हळूच लक्ष्मीची तसबीर पुन्हा दिवाणखान्यात आणली. आठ दिवस गेले. सासरे झोपाळ्यावर बसलेले. मला म्हणाले, “सूनबाई, ती वाकडी रेघ पुन्हा कधी लावणार?” मी म्हटलं, “तुम्हाला तर आवडत नव्हती.” ते म्हणाले, “आवडत नाहीच. पण रोज ती मनातल्या मनात सरळ करत बसायची सवय झाली आहे.”

त्या दिवशी मला कळलं की घरात ते चित्र सर्वांत जास्त कोणी पाहिलं होतं.

आता सासरे नाहीत, सासूबाई नाहीत, हेही नाहीत. सहा वर्षांपूर्वी जुनं घर विकलं आणि आम्ही फ्लॅटमध्ये आलो. सामान काढताना मुलगा म्हणाला, “आई, हे भंगारात देऊ या का? कोपराही खराब झालाय.” मी पटकन ‘नको’ म्हणाले, आणि माझं मलाच नवल वाटलं. पन्नास वर्षांपूर्वी मीच ते भंगार म्हटलं असतं. झोपाळा नव्या घरात मावला नाही. रविवर्म्याची लक्ष्मी देवघरात आहे. हे चित्र हॉलमध्ये आहे, कोरड्या भिंतीवर. कोपरा दुरुस्त करून घेतलेला नाही, माझी चूक मला दिसत राहावी म्हणून.

परवा माझी सहा वर्षांची नात त्याच्यासमोर उभी होती. मी विचारलं, “काय दिसतं गं?” म्हणाली, “काही नाही, आजी. मी नुसती बघतेय.”

मला वाटतं, इतकं आलं की पुरे.  गणपती बाप्पा मोरया!