अम्मुगुड्याचा बलराम

रविवारी हैदराबादच्या आबिड्सला जुनी पुस्तकं चाळायला आपल्यापैकी अनेक जण जातात. तिथून पायी गेलं की एका बाजूला फतेह मैदान, म्हणजे आजचं लालबहादूर स्टेडियम, आणि दुसऱ्या बाजूला गोशामहलचं पोलिस मैदान. एके काळी हा सगळा परिसर फुटबॉलचा होता. इथल्या सिटी पोलिसांच्या संघाने मुंबईचा रोव्हर्स कप 1950 ते 1954 असा सलग पाच वर्षं जिंकला. मुंबईच्या कूपरेज मैदानावर दर वर्षी आपलं शहर जिंकत होतं!

त्याच काळात सिकंदराबादपलीकडच्या अम्मुगुडा या छावणीलगतच्या वस्तीत एक गरीब घरचा मुलगा चेंडू खेळत होता. तुळशीदास बलराम. जन्म 4 ऑक्टोबर 1936. स्थानिक लीगमध्ये छोट्या क्लबकडून खेळताना त्याला सय्यद अब्दुल रहीम यांनी हेरलं. रहीमसाहेब मूळचे शाळामास्तर, नंतर सिटी पोलिसांचे आणि भारताचे प्रशिक्षक. सरावाला बोलावलं, तर हा मुलगा म्हणाला, येण्याजाण्याला पैसे नाहीत. रहीमसाहेबांनी सायकलच्या भाड्याचे पैसे स्वतः द्यायला सुरुवात केली. अम्मुगुड्याहून शहरात यायचं म्हणजे लांबवर पायडल मारायचं, मग सराव, मग तेवढंच अंतर परत. बलरामची सारी कारकीर्द मला त्या भाड्याच्या सायकलवर उभी दिसते.

पुढचं फार वेगाने घडलं. 1956 साली तो मेलबर्न ऑलिंपिकला गेला. तेव्हा त्याने नुकतीच विशी गाठली होती. गोव्याच्या आसगावचे नेव्हिल डिसोझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्‌ट्रिक केली, ती याच स्पर्धेत. भारत चौथा आला. त्याच हंगामात बलरामच्या हैदराबादने मुंबईला हरवून संतोष करंडक जिंकला. मग कोलकात्याचं ईस्ट बंगाल. 1961 मध्ये बलराम त्या क्लबचा कर्णधार होता, त्याने लीगमध्ये 23 गोल केले आणि नऊ वर्षांनी ईस्ट बंगालला लीगचं विजेतेपद मिळालं.

तो बहुतेकदा डावीकडून खेळे, पण मधे येऊन दुसऱ्याला चेंडू मांडून देण्यातही तितकाच तरबेज होता. चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी आणि बलराम हे त्रिकूट भारताला पुन्हा मिळालं नाही, असं मी ठामपणे म्हणेन. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये हंगेरीशी गाठ पडली. त्या संघात फ्लोरियान आल्बर्ट होता, पुढे युरोपचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. आपण 2-1 ने हरलो, पण आपला गोल बलरामचा. पेरूविरुद्धही आपला एकमेव गोल त्याचाच. दोन वर्षांनी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला 2-1 ने नमवून भारताने सुवर्णपदक जिंकलं, त्या संघातही तो होता. रहीमसाहेब तेव्हा कर्करोगाने खंगलेले होते. जून 1963 मध्ये ते गेले.

त्याच वर्षी फुप्फुसाच्या आजाराने बलरामचा खेळ थांबवला. वय वर्षं सव्वीस! फॉरवर्ड ज्या वयात पिकायला लागतो, त्या वयात याने बूट उतरवले. अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. चुनी आणि पी. के. यांना पुढे पद्मश्री मिळाली, बलरामला मात्र नाही. ही गोष्ट मला आजही टोचते. फेब्रुवारी 2023 मध्ये कोलकात्यात, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी त्याचं निधन झालं. पुढच्याच वर्षी 'मैदान' हा रहीमसाहेबांवरचा चित्रपट आला. तो पाहायला बलराम नव्हता.

हैदराबादचा फुटबॉल संपला, अशी हळहळ आपण वारंवार ऐकतो. पण बलराम कोणत्या मोठ्या अकादमीतून आला नव्हता. मोहल्ल्यातले क्लब, लीगचे दुपारचे सामने, आणि असा सामना पाहायला जाऊन एखाद्या अनोळखी पोरात काहीतरी हेरणारा मास्तर, एवढ्यावर ते सारं वैभव उभं होतं. आजही खालच्या लीगमध्ये एखादा मुलगा डाव्या बगलेवरून धावत असेल. त्याचा सामना पाहायला आपल्यातले चार जण तरी जाऊ या. आणि त्याला घरून मैदानापर्यंत यायला किती पैसे पडतात, तेही विचारू या.