धावफलक वाचताना : ओव्हल, १९७१

क्रिकेटशी नव्यानं ओळख होणाऱ्याला हल्ली आधी षटकार दाखवले जातात. ते पाहायला काही शिकावं लागत नाही. चेंडू प्रेक्षकांत पडला की सहा धावा. पण क्रिकेट उलगडायला लागतं ते दुसऱ्या बाजूनं. फलंदाज बाद कसा होतो आणि त्याला बाद करण्यासाठी समोरचे अकरा जण काय काय करतात, हे एकदा कळलं की धावांनाही अर्थ येतो. त्यासाठी नियमांची पोथी लागत नाही. एका जुन्या सामन्याचा धावफलक नीट वाचला तरी पुरतं. सामना लंडनच्या ओव्हल मैदानावरचा, ऑगस्ट १९७१ मधला. इंग्लंड विरुद्ध अजित वाडेकरांचा भारतीय संघ.

आधी जुजबी गोष्टी. मैदानाच्या मधोमध २२ यार्डांची खेळपट्टी, दोन्ही टोकांना तीन-तीन यष्ट्या, त्यांच्यावर दोन बेल. फलंदाजी करणाऱ्या संघाचे एका वेळी दोघंच मैदानात. सहा चेंडूंचं एक षटक; मग दुसऱ्या टोकाकडून दुसरा गोलंदाज. दोन्ही फलंदाजांनी टोकं गाठली की एक धाव, चेंडू टप्पा खात सीमेपार गेला तर चार. दहा गडी बाद झाले की डाव आटोपतो, कारण अकराव्याला जोडीदारच उरत नाही. कसोटीत प्रत्येक संघाला दोन डाव आणि दोघांत मिळून पाच दिवस. ते संपले आणि निकाल लागला नाही, तर सामना अनिर्णित. त्यामुळे नुसत्या जास्त धावा करून कसोटी जिंकता येत नाही. समोरच्याचे गडी वेळेत बाद करावेच लागतात.

ओव्हलवर पहिल्या डावात इंग्लंडनं ३५५ धावा केल्या, भारतानं २८४. म्हणजे इंग्लंडकडे ७१ धावांची आघाडी, शिवाय एक अख्खा दिवस पावसानं खाल्लेला. २३ ऑगस्टला, चौथ्या दिवशी, इंग्लंडचा दुसरा डाव रंगात आला आणि वाडेकरांनी चेंडू भागवत चंद्रशेखर यांच्या हाती दिला. लहानपणी पोलिओनं त्यांचा उजवा हात बारीक राहिला होता. त्याच हातानं ते लेगस्पिन टाकत, तीही फिरकी म्हणताना विचार करावा लागेल इतक्या वेगानं.

आता धावफलक. पहिली नोंद : जेमसन, धावचीत, १६. नवख्यानं इथं थोडं थांबावं. ब्रायन लकहर्स्टनं चेंडू सरळ गोलंदाजाच्या दिशेनं मारला. तो चंद्रशेखर यांच्या हाताला लागून पलीकडच्या यष्ट्यांवर आदळला, तेव्हा जेमसन क्रीजबाहेर, म्हणजे त्या टोकाच्या रेषेबाहेर होता. चेंडू कोणाचा हात न लागता थेट यष्ट्यांवर गेला असता, तर तो बाद नव्हता. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघातल्या कोणाचा तरी स्पर्श लागतो. पहिल्या डावात ८२ धावा काढणारा फलंदाज बोटाच्या त्या ओझरत्या स्पर्शानं तंबूत परतला.

दुसरी नोंद : एडरिच, त्रिफळा चंद्रशेखर, ०. चेंडू बॅटला चुकवून यष्ट्यांवर गेला. यात पंचाला विचारण्यासारखंही काही नाही. त्या चेंडूमागची एक आठवण क्रिकेटवाल्यांत आवडीनं सांगितली जाते. त्या वर्षी डर्बी शर्यत जिंकलेल्या घोड्याचं नाव मिल रीफ. चंद्रशेखर यांच्या वेगवान चेंडूचं संघातलं टोपणनावही तेच. दिलीप सरदेसाईंनी तो टाकायला सुचवलं आणि एडरिचची बॅट खाली यायच्या आत चेंडू आत शिरला होता.

पुढच्याच चेंडूवर तिसरी नोंद : फ्लेचर, झे. सोलकर, गो. चंद्रशेखर, ०. या ओळीत दोन नावं आहेत आणि दोन्ही वाचायला हवीत. एकनाथ सोलकर फलंदाजाच्या अगदी पुढ्यात, फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभे राहत. डोक्यावर हेल्मेट नाही. मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या गृहस्थांचा हा मुलगा. २७ कसोटींत त्यांनी ५३ झेल घेतले. फलंदाज बचावात्मक खेळला की फिरकी चेंडू बॅटला लागून हातभर अंतरावर उडतो. तिथं माणूस नसेल, तर गोलंदाजाची सगळी करामत वाया जाते. ॲलन नॉटनं पहिल्या डावात ९० धावा करून भारताला सतावलं होतं. या डावात व्यंकटराघवन यांच्या चेंडूवर सोलकरांनी पुढं झेपावून, अंग जमिनीवर झोकून देऊन त्याचा झेल घेतला. नॉटची धाव एकच.

डॉलिव्हिराचा झेल जयंतीलाल यांनी घेतला, आणि ते अकरांत नव्हते. बदली खेळाडू क्षेत्ररक्षण करू शकतो, पण अशा बदलीला फलंदाजी किंवा गोलंदाजी करता येत नाही. इलिंगवर्थ आणि स्नो यांना चंद्रशेखर यांनी स्वतःच झेलून बाद केलं. शेवटचा प्राइस पायचीत. पायचीत हा नवख्याला सर्वांत अवघड वाटणारा प्रकार आहे. पाय आडवा आला नसता तर चेंडू यष्ट्यांवर गेला असता का, हे पंचाला ठरवावं लागतं. आणि चेंडूचा टप्पा लेग यष्टीच्या बाहेर पडला असेल तर फलंदाज वाचतो.

सगळ्या फलंदाजांच्या मिळून ९८ धावा, वर ३ अवांतर. एकूण १०१. चंद्रशेखर १८.१ षटकं, ३८ धावा, ६ बळी. मात्र दुसऱ्या टोकाकडून व्यंकटराघवन यांनी २० षटकांत फक्त ४४ धावा दिल्या, म्हणून फलंदाजांना सुटका नव्हती. हे दुसरं टोक धावफलक वाचणाऱ्याच्या नजरेतून हमखास सुटतं.

भारताला हव्या होत्या १७३. ट्वेंटी-२०च्या जमान्यात हा वीस षटकांचा हिशेब. इथं १०१ षटकं लागली. इलिंगवर्थनं ३६ षटकांत ४० धावा दिल्या. स्नोच्या ११ षटकांपैकी ७ निर्धाव. गावसकर शून्यावर पायचीत, शेवटच्या दिवशी सकाळीच वाडेकर ४५ वर धावचीत. मग मडगावात जन्मलेल्या सरदेसाईंच्या ४०, विश्वनाथच्या ३३. एकेक धाव अशी मोजून घेतली जात होती, कारण घाईनं एक गडी गेला तरी सामना फिरला असता. हे कंटाळवाणं म्हणणाऱ्यानं त्या दिवशीच्या भारतीय फलंदाजाच्या जागी उभं राहून पाहावं. २४ ऑगस्टला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, आबिद अलींच्या चौकारानं भारत जिंकला. चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातली बेला नावाची हत्तीणही भारतीय प्रेक्षकांनी मैदानावर आणली होती. निकाल लिहिला गेला, ४ गडी राखून विजय : सहा बाद, चार शिल्लक. इंग्लंडच्या भूमीवरचा भारताचा तो पहिला कसोटी विजय.

हे सगळं प्रत्यक्ष पाहायचं असेल, तर मुंबईकराला महागडं तिकीट काढायला नको. १९४८ पासून कांगा लीग ही मुंबईची क्रिकेट स्पर्धा पावसाळ्यात खेळली जाते. ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधी थांबून येतो, कधी उसळतो, आणि नामांकित फलंदाजही दहा-बारा धावांसाठी झगडतात. आझाद मैदानाच्या कडेला, शक्यतो गोलंदाजाच्या मागच्या बाजूला उभं राहावं आणि दोन षटकं चेंडूकडे न बघता फक्त जवळच्या क्षेत्ररक्षकांवर नजर ठेवावी. गोलंदाज धावत निघाला की ते कसे वाकतात, कर्णधार कोणाला दोन पावलं पुढं घेतो, हे दिसतं. पुढच्या षटकात फलंदाज कशानं बाद होणार, याचा अंदाज नवख्यालाही तिथूनच बांधता येतो.