कृष्णविवराचा ताळेबंद

१० एप्रिल २०१९ रोजी एम ८७ दीर्घिकेतील कृष्णविवराचे ‘छायाचित्र’ जगभर झळकले. वास्तविक ते छायाचित्र नव्हेच. रेडिओ दुर्बिणींच्या तुटक नोंदींतून गणिताने जुळवलेले ते चित्र. मधल्या रिकाम्या जागा हिशेबाने भरलेल्या. २०२२ साली तिघा जपानी संशोधकांनी त्याच नोंदी पुन्हा तपासल्या आणि सांगितले, यात वलय दिसतच नाही! मूळ मंडळींनी हे अमान्य केले, तपासणीची रीतच चुकली म्हणाले. इतर काही स्वतंत्र अभ्यासकांना वलय सापडलेही.

आम्हांस ते गणित येत नाही. पण मालकाचा ताळेबंद पुढे आला की आम्ही एकच विचारतो : मूळ वह्या दाखवता काय? इथे त्या साऱ्या जगाला खुल्या होत्या, म्हणूनच तिघांना भांडता आले. हिशेबाच्या चित्राला छायाचित्र म्हणू दिले, ही आमची तक्रार मात्र कायम आहे.