दुसरी लेन्स कोणती घ्यावी?

नव्या कॅमेऱ्यासोबत बहुधा १८ ते ५५ मिलिमीटरची लेन्स येते. गड, घाट, माणसं, सगळं तिच्यात थोडंथोडं साधतं. मग दुसरी लेन्स कोणती घ्यावी?

उत्तर तुमच्याच फोटोंत आहे. फोटो किती मिलिमीटरवर टिपला, याची नोंद प्रत्येक फोटोच्या माहितीत असते. बरेच फोटो ५५वर काढलेले आणि तरीही विषय लांबच राहिलेला दिसला, तर ७० ते ३०० मिलिमीटरची टेलिफोटो झूम घ्या. भिगवणच्या रोहित पक्ष्यांसाठी तीच हवी. मात्र ३००वर हात जरा हलला तरी फोटो पुसट येतो. म्हणून शटरचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतका ठेवा. पक्षी उडत असेल तर आणखी वाढवा.

फोटो १८वरच अडत असतील, कोकणकडा चौकटीत मावत नसेल, तर १० ते १८ची वाइड लेन्स बघा. कासच्या इवल्या फुलांसाठी मॅक्रो. पहाटेच्या अंधुक उजेडात आणि बेताच्या खर्चात काम भागवायचं, तर ५० मिलिमीटर, एफ १.८. एफ ५.६च्या तुलनेत ती नऊ पटींहून अधिक प्रकाश आत घेते.

घेण्याआधी लेन्सचा माउंट तुमच्या कॅमेऱ्याला बसतो का, ते पाहा. जुनी घेत असाल तर आत टॉर्च मारून बुरशी तपासा. दमट हवेत ती हमखास धरते. आणि जमलं तर आधी भाड्याने आणून वापरून बघा.