रोमचे राज्य आणि लोकांचे कपडे



आज आपण कपड्यांविषयी बोलू. पण ते आपल्याकडचे नव्हेत, रोमच्या राज्यातले. रोम हे इटली देशातले शहर. १७०० वर्षांपूर्वी तिथल्या बादशहाचे राज्य फार मोठे होते. वर थंडगार ब्रिटन, खाली उन्हाने तापलेला इजिप्त.

आम्ही शाळेत मुलांना सांगत असू, रोमन माणूस टोगा घालतो. टोगा म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचे लांब लोकरी वस्त्र. पुस्तकात चित्रही तसेच होते. पुढे आम्ही अधिक वाचले. तेव्हा कळले, आपण मुलांना अर्धेच सांगितले! त्या काळी टोगा उरला होता तो बड्या लोकांच्या मानाच्या कार्यापुरता. शेतकऱ्याने टोगा गुंडाळून नांगर कसा धरावा?

मग लोक काय घालीत? जशी हवा, जसे काम, तसा कपडा.

ब्रिटनमध्ये पाऊस आणि थंडी. तिथे जाड लोकरीचा झगा होई. त्यालाच टोपी जोडलेली असे. आपण पावसात घोंगडीची खोळ घेतो ना, तसा त्याचा उपयोग.

इजिप्तमध्ये जवसाच्या धाग्याचे आणि लोकरीचे सदरे होते. पुष्कळ सदरे कापडातून बेतलेले नसत. विणकर मागावरच बाह्यांसकट सदरा विणी. मग घडी घालून बाजू शिवल्या की झाले. तिथल्या कोरड्या वाळूत असे सदरे सापडले आहेत. काहींना ठिगळेही आहेत. म्हणजे गरिबाची ओढाताण तिथेही होतीच.

३०१ साली महागाई फार वाढली. डायोक्लेशियन बादशहाने मालाचे भाव ठरवून दिले. ते दगडांवर कोरून लावले. जास्त भाव घेणाऱ्याला मरणाची शिक्षा होती. त्या यादीत कुठला कपडा किती नाण्यांना, हे लिहिले आहे. ब्रिटनचा झगा ६,००० नाणी. शेतमजुराची मजुरी दिवसाला २५ नाणी आणि जेवण. पाटीवर हिशोब करून पाहा. एका झग्यासाठी २४० दिवसांची मजुरी!

उत्तरेकडच्या टोळ्या विजार घालीत. त्यांतले पुष्कळ लोक रोमच्या सैन्यात होते. घोड्यावर बसायला आणि थंडीला विजार बरी. ती रोम शहरातही दिसू लागली. ४०० सालाच्या सुमारास हुकूम निघाला, रोम शहरात कोणी विजार घालू नये. घातली तर मालमत्ता जप्त आणि हद्दपारी. तसले हुकूम पुन्हा काढावे लागले. ४१६ साली तर लांब केसांवर आणि कातड्याच्या कपड्यांवरही बंदी आली. हुकूम पुन्हा पुन्हा का काढावा लागतो? लोक ऐकत नाहीत म्हणून!

आज टोगा चित्रांत आणि पुतळ्यांवर पाहावा लागतो. विजार मात्र जगभर चालते आहे.

मंडळी, कपडा पाहून कोणाला परका म्हणू नये. तो कुठल्या हवेत राहतो, काय काम करतो, हे आधी विचारावे.